सरोदाचा साग, सतारीची तून

कोलकात्याजवळील डमडम येथे १९२८ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि तेथील लाखेच्या तबकड्यांमधून सरोद-सतारीचा नाद दूरवर पोहोचला. त्या नादामागील लाकडाची निवड मात्र शहरातील वाद्यकार हाताच्या आणि कानाच्या अनुभवावर करीत.

विज्ञानाचे लक्ष या वाद्यांकडे त्याआधीच वळले होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये कोलकात्यातील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’च्या कार्यवृत्तात तंबोरा व वीणा यांवर निबंध प्रसिद्ध केला. तार जेथे छेडली जाते, तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असतो तो उपस्वर उमटत नाही, असा प्रस्थापित नियम होता. ही वाद्ये तो पाळत नाहीत आणि त्याचे रहस्य घोडीच्या रचनेत आहे, हे रामन यांनी दाखवले. लाकडाचा प्रश्न शिल्लक राहिला.

व्हायोलिनसारख्या वाद्यांच्या नादफळीसाठी एक निकष वापरतात : लाकडातील ध्वनीचा वेग भागिले घनता. हे गुणोत्तर स्प्रूसमध्ये मोठे असते. सागाचे त्याच्या सुमारे निम्मे. तरीही सरोदासाठी साग निवडला जातो. कारण सरोदात हवेला कंप देते ते मुख्यतः चामड्याचे आवरण. एकसंध ठोकळ्यातून कोरलेल्या लाकडी अंगाचे काम निराळे : तारांचा ताण सोसणे आणि बंगालच्या दमट हवेत न वाकणे. सतारीची तबली मात्र लाकडाचीच असते. म्हणून तेथे हलकी तून पसंत केली जाते. मिरजेच्या सतारमेकरांची निवडही तीच.

स्थैर्यासाठी लाकूड मुरलेले हवे. दीर्घकाळात त्यातील हेमिसेल्युलोजचा ऱ्हास होतो आणि ओलावा शोषण्याची क्षमता घटते. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात होता. तेथील साग कोलकात्यातील घरांच्या तुळयांत आला आणि छताखाली दशकानुदशके सुकत राहिला. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर या जुन्या सागाचे मोल अधिकच वाढले.

परंतु अशा तुळईत खिळ्यांची भोके असतात, भेगा असतात, कधी वाळवीही. त्यातून सरोदाच्या रुंदीचा निर्दोष ठोकळा क्वचितच निघतो. जुने घर पाडल्यावर त्या तुळईचे दरवाजे होतात, की कोणी आधी तिच्यावर बोटांनी टिचकी मारून पाहतो, यावर एखाद्या वाद्याचा जन्म अवलंबून असतो. शतकभराचे मुरणे कोणत्याही भट्टीत सहज घडवता येत नाही.