थांबलेली हवा : अंटार्क्टिकावरील लाकडी घरांचा इतिहास

१९१० सालच्या वसंतात नॉर्वेच्या राजधानीजवळ, बुन्नेफ्योर्ड या खाडीच्या काठी, रोआल्ड अमुंडसेनच्या बागेत एक लहानसे लाकडी घर उभे राहत होते. सुतारकाम योर्गन स्टुबेरुडकडे होते. घर पूर्ण झाले आणि लगेच उतरवण्यात आले. प्रत्येक भागावर क्रमांक घालून ते ‘फ्राम’ जहाजावर चढवले गेले. जाहीर झालेली मोहीम उत्तर ध्रुवाकडची होती. गोठलेल्या समुद्राबरोबर जहाजातच राहून वाहत जायचे, तर एवढ्या पक्क्या घराचे काम काय, असा प्रश्न पाहणाऱ्यांना पडत असे. ‘निरीक्षणगृह’ एवढेच उत्तर मिळे. खरा बेत दक्षिण ध्रुवाचा होता, आणि तो बहुतेक सहकाऱ्यांनाही मादेरा बेटावर पोहोचल्यानंतर, सप्टेंबरमध्ये कळला.

बेत लपला, पण घराच्या भिंती मात्र तो उघड सांगत होत्या. तीन इंच जाडीच्या फळ्या, आतल्या व बाहेरच्या आवरणांमध्ये हवेची पोकळी, आणि उष्णतारोधनासाठी सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा लगदा. इतकी काळजी कोणी केवळ निरीक्षणासाठी घेत नाही. या भिंतीआड नऊ माणसांना अंटार्क्टिकाचा हिवाळा काढायचा होता.

लाकडाच्या लहान घराला उष्णतारोधक थर कसा द्यावा, हा प्रश्न आज हौसेने स्वतःच्या हातांनी बागेत खोली बांधणाऱ्यालाही पडतो. या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा अंटार्क्टिकावर झाली. तेथे घर बांधणारे आणि त्यात राहणारे बहुधा एकच होते, आणि चूक झाली तर ती दुरुस्त करायला हजारो किलोमीटरवर कोणी नव्हते.

या परीक्षेमागचे भौतिकशास्त्र त्याआधी शंभरेक वर्षांचे आहे. बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रमफर्ड, बव्हेरियाच्या सेवेत असताना सैनिकांच्या कपड्यांचा विचार करत होता. काचेच्या गोलकात तापमापक बसवून भोवती लोकर, कापूस, रेशीम, पिसे, केसाळ कातडे असे पदार्थ भरायचे आणि तापमापक थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. १७९२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून एक गोष्ट पुढे आली : ऊब तंतूंपेक्षा तंतूंच्या मधे अडकलेल्या हवेमुळे टिकते. स्थिर हवा उष्णता मुळीच वाहून नेत नाही, असे मात्र त्याला वाटले. ते पुढे चूक ठरले. हवा उष्णता नेते, पण फारच थोडी. आजीची गोधडी आणि अमुंडसेनची भिंत एकाच नियमावर चालतात.

आकड्यांत सांगायचे तर स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२५ वॉट प्रति मीटर प्रति केल्विन आहे. बुचाची सुमारे ०.०४, देवदारवर्गीय मऊ लाकडाची सुमारे ०.१२ आणि बर्फाची सुमारे २.२. म्हणजे दहा सेंटिमीटर बुचाचे काम करायला तीस सेंटिमीटर लाकूड किंवा पाच मीटरहून अधिक जाडीचा अखंड बर्फ लागेल. उष्णतारोधक पदार्थ म्हणजे हवेला हलू न देणारा तुरुंग. त्याच्या भिंती कशाच्या आहेत, याला त्यामानाने कमी महत्त्व आहे.

म्हणूनच या घरांत वापरलेल्या पदार्थांची यादी विलक्षण वाटते. १८९९ साली कार्स्टेन बोर्खग्रेविंकच्या मोहिमेने केप अडेअर येथे अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरील पहिला हिवाळा काढला. नॉर्वेहून सुटे भाग करून आणलेल्या त्या घरात दहा माणसे होती आणि भिंतींत कागदाचा लगदा होता. थंडीशी त्यांनी निभावले, पण एकदा लक्ष नसताना मेणबत्तीने आग लागली, आणि एकदा झोपेत कोळशाच्या धुराने तिघे गुदमरता गुदमरता वाचले. पुढच्या सर्व इतिहासातील धोके या पहिल्याच घरात दिसून गेले होते.

१९०२ मध्ये रॉबर्ट स्कॉटच्या पहिल्या मोहिमेने आणलेले घर ऑस्ट्रेलियात तयार झाले होते. त्याला तिन्ही बाजूंनी पडवी होती. उन्हापासून बचाव करणारी ही रचना जेथे ऊन दुर्मीळ तेथे आली. दुहेरी लाकडी भिंतींमध्ये नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे जाड कापड होते, तरी ते घर काही केल्या गरम होईना. मंडळी जहाजातच राहिली. घर सामान ठेवण्यासाठी, दुरुस्तीसाठी आणि नाटके करण्यासाठी वापरले गेले. केवळ उष्णतारोधक पदार्थ भिंतीत घातला म्हणजे घर उबदार होत नाही, हा त्याचा धडा होता. आकार, फटी आणि जमिनीखालून येणारा वारा हेही भिंतीइतकेच मोजावे लागतात.

अर्नेस्ट शॅकल्टन त्या मोहिमेत होता. १९०८ साली केप रॉइड्स येथे स्वतःचे घर उभारताना त्याने कसर ठेवली नाही. एकीची कड दुसरीच्या खाचेत बसेल अशा इंचभर जाड फळ्या, त्यांच्या आत व बाहेर फेल्टचे थर, आणि सांगाड्यातील चार इंचांच्या पोकळीत ठासून भरलेला बुचाचा भुगा. येथे कामाची वाटणी स्पष्ट दिसते. फेल्ट वारा अडवते, बुचाचा भुगा हवा थांबवतो. हे दोन्ही स्वतंत्रपणे करावे लागते. पंधरा माणसांनी त्या घरात हिवाळा काढला.

१९११ च्या जानेवारीत स्कॉटने केप इव्हान्स येथे बांधलेले घर याच विचाराची पुढची पायरी होते. पंचवीस माणसांसाठी पन्नास फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद. सांगाड्याच्या आतून दुहेरी फळ्या, बाहेरून दुहेरी फळ्या, आणि प्रत्येक जोडीच्या मधे गोणपाटात शिवलेले वाळके समुद्रशैवाल. म्हणजे अक्षरशः शैवालाची गोधडीच. छपरात आणि जमिनीतही तिचा थर होता. भिंतींच्या पायथ्याशी बाहेरून ज्वालामुखीची काळी वाळू रचली होती. त्या काळी जगातील जवळजवळ सर्व ताग बंगालमध्ये पिकत असे. त्यामुळे त्या गोणपाटाचा धागा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या चिखलातून अंटार्क्टिकाला पोहोचला असावा, हे अनुमान धाडसाचे नाही. हे घर आजही उभे आहे.

याच सुमारास दोन मोहिमांनी आणखी एक रोधक पदार्थ ओळखला, जो बरोबर न्यावा लागत नव्हता. अमुंडसेनच्या घराभोवती हिम साचत गेले, तेव्हा त्याच्या माणसांनी त्या हिमातच कामाच्या खोल्या खोदल्या. डग्लस मॉसनच्या केप डेनिसन येथील घरावर जगातील अतिप्रचंड वाऱ्यांपैकी काही आदळत होते. छपरापर्यंत हिम चढले तेव्हा फटी बुजल्या आणि घर अधिक सुसह्य झाले. अखंड बर्फ उष्णतेला वाट देतो, पण भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते. पदार्थ तोच, रचना वेगळी.

परंतु घरातील माणूस श्वास घेतो, आणि तेथून प्रश्न गुंतागुंतीचा होतो. श्वास आणि त्वचा यांतून एक माणूस दिवसाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी बाष्परूपाने सोडतो. पंचवीस माणसे आणि एक चूल यांचा हिशेब करावा. हे बाष्प भिंतीतील बारीक फटींतून बाहेर जाऊ पाहते, वाटेत थंड थर लागला की तेथेच त्याचे पाणी होते, आणि अतिथंड प्रदेशात बर्फ. पाणी स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक, तर बर्फ ऐंशीपटींहून अधिक उष्णता वाहून नेतो. ओला झालेला रोधक थर आपले काम सोडून देतो, शिवाय लाकूड कुजवतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात फ्रँक राउली यांच्यासारख्या अभियंत्यांनी भिंतींतील या बाष्पप्रवासाचा पद्धतशीर अभ्यास केला. थंड प्रदेशात बाष्परोधक पडदा भिंतीच्या उबदार, म्हणजे आतल्या बाजूस हवा, हा नियम तेव्हापासून रुळला. कोकणासारख्या दमट-उष्ण हवेत वातानुकूलित खोली केली तर बाष्प बाहेरून आत येऊ पाहते. तेथे हाच नियम उलटा होतो. नियम पाठ करून उपयोग नाही, बाष्प कोणत्या दिशेने चालले आहे ते पाहावे लागते.

सर्व फटी बुजवल्या तर काय होते, हे रिचर्ड बर्डने १९३४ साली जवळजवळ प्राण देऊन शिकवले. आपल्या मुख्य तळापासून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेला, हिमात पुरलेल्या एका लहान लाकडी केबिनमध्ये तो मार्चच्या अखेरीपासून एकटा हवामानाच्या नोंदी घेत होता. केबिन बंदिस्त होती, ऊब टिकत होती. पण चुलीच्या धुराड्याचे सांधे गळत होते आणि वायुवीजनाच्या नळ्या बर्फाने भरत होत्या. ३१ मे रोजी बोगद्यातील पेट्रोलवर चालणाऱ्या जनित्राजवळ तो कोसळला. कारण होते कार्बन मोनॉक्साइड, रंग नाही, वास नाही. त्यानंतरचे आठवडे त्याने एका भयंकर निवडीत काढले : चूल पेटवावी तर विष, विझवावी तर थंडी. तो रोज कित्येक तास चूल बंद ठेवी आणि आतल्या भिंतींवर बर्फ चढताना पाही. त्याच्या तुटक बिनतारी संदेशांवरून सहकाऱ्यांना शंका आली आणि ऑगस्टमध्ये तिघे जण त्याच्यापर्यंत पोहोचले.

बर्डच्या केबिनने सांगितलेली गोष्ट आजच्या प्रत्येक बंदिस्त खोलीला लागू आहे. भिंतीतली हवा थांबली पाहिजे, खोलीतली हवा बदलली पाहिजे. यांपैकी पहिले काम जितके चांगले होईल तितके दुसऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. आपल्याकडे हिमालयात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपण्याने आजही माणसे दगावतात. तेथे थंडीइतकाच हा अडाणी बंदिस्तपणाही कारणीभूत असतो.

भारत या इतिहासात १९८० च्या दशकात आला. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील तिसऱ्या मोहिमेने १९८३-८४ च्या उन्हाळ्यात हिमपट्टीवर ‘दक्षिण गंगोत्री’ हा तळ पूर्वनिर्मित भागांतून उभारला, आणि १९८४ मध्ये बारा भारतीयांनी तेथे पहिला हिवाळा काढला. मॉसनच्या घराला ज्या हिमाने ऊब दिली, तेच हिम येथे शत्रू ठरले. वाऱ्याच्या वाटेत इमारत उभी राहिली की तिच्या आडोशाला हिम साचते. वर्षागणिक तळ गाडला जाऊ लागला आणि १९९० मध्ये तो बंद करावा लागला. त्याआधी, १९८९ मध्ये, शिर्माकर ओअ‍ॅसिसच्या खडकाळ भूमीवर ‘मैत्री’ उभी राहिली. ती खांबांवर उचललेली आहे. वारा खालून निघून जातो आणि हिम साचू देत नाही. २०१२ साली सुरू झालेला ‘भारती’ हा तळ १३४ मालवाहू कंटेनर जोडून, त्यांवर उष्णतारोधक कवच चढवून बांधला आहे. तोही जमिनीपासून वर उचललेला आहे. मे २०२४ मध्ये कोची येथे झालेल्या अंटार्क्टिक करार परिषदेत भारताने ‘मैत्री-२’ हा नवा तळ उभारण्याचा मनोदय अधिकृतपणे मांडला.

या नव्या तळाच्या भिंतींत अर्थातच कागदाचा लगदा किंवा शैवाल नसेल. पण त्याच्या रचनाकारांना सोडवायचे प्रश्न केप अडेअरच्या दहा जणांचेच असतील : वारा कोठे अडवायचा, हवा कोठे थांबवायची, बाष्प कोठून जाऊ द्यायचे, आणि श्वासासाठी ताजी हवा कोठून आणायची. बागेतील लाकडी खोलीला रोधक थर देणाऱ्यानेही याच क्रमाने विचार करावा. आधी फटी बुजवाव्यात, मग पोकळी भरावी, बाष्परोधक पडद्याची बाजू ठरवावी, आणि शेगडी पेटवण्यापूर्वी झरोका मोकळा आहे ना, ते पाहावे.