ट्रकच्या विधेयकातून आलेली बिअर

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली. विधेयक होते ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांच्यावरील करासंबंधी. वरवर पाहता त्यात सामान्य माणसाने लक्ष घालावे असे काही नव्हते. पण कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी त्याला एक छोटीशी दुरुस्ती जोडली होती. एका प्रौढ माणसाने वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराने २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःच्या वापरासाठी घरी केली, तर तिच्यावर कर नाही आणि तो गुन्हाही नाही. अट एकच, ती विकायची नाही. १ फेब्रुवारी १९७९ पासून ही सवलत लागू झाली.

आता कुणी म्हणेल, घरी बिअर करण्याची परवानगी हा काय इतिहासाचा विषय झाला? पण या चार ओळींच्या सवलतीने अमेरिकेतल्या एका अवाढव्य उद्योगाचा चेहरा बदलला. ज्या बिअरमुळे तो बदलला, ती कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्मली नव्हती. ती घराघरातल्या चुलीवर, मोठ्या पातेल्यात तयार झाली होती. तिचे नाव अमेरिकन पेल एल.

मुळात अमेरिकेत बिअर ही घरातलीच गोष्ट होती. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांच्या घरी पाव भाजावा तशी बिअर केली जाई, आणि हे काम बहुधा बायकांकडे असे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७५७ सालच्या वहीत सौम्य बिअरची कृती लिहिलेली आहे. ही वही न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवली आहे. कोंडा, हॉप्स, काकवी आणि यीस्ट, एवढेच त्यातले साहित्य. पुढे जर्मन लोक मोठ्या संख्येने आले, त्यांनी कारखाने काढले. १८७० नंतरच्या काही वर्षांत देशात चार हजारांहून जास्त ब्रुअऱ्या होत्या. गावोगावची चव वेगळी होती.

मग १९२० मध्ये दारूबंदी आली. तिच्यामागे केवळ सोवळेपणा होता असे समजणे चूक ठरेल. पगाराच्या दिवशी गुत्त्यात जाणारा नवरा आणि उपाशी मुले हे तिथल्या असंख्य बायकांचे खरे दुःख होते. पण कायदा लिहिताना एक विचित्र गोष्ट घडली. घरी फळांचा रस आणि सफरचंदाची सायडर करण्याला त्यात सवलत ठेवली गेली. द्राक्षाचा रस ठेवला की तो आपोआप आंबतो, त्यामुळे घरगुती वाइनला मागचे दार उघडे राहिले. धान्यापासून होणाऱ्या बिअरला मात्र तेही मिळाले नाही.

लोक थांबले का? अर्थातच नाही. बिअरचे कारखाने माल्टच्या पाकाचे डबे विकू लागले, आणि जाहिरातीत म्हणू लागले की हा पाक पाव-बिस्किटांसाठी आहे. त्यातल्या काही पाकांना हॉप्सचा कडूपणाही दिलेला असे. कडू पाक घालून कोण बिस्किटे करणार! घरोघरच्या तळघरांत बाटल्या भरल्या गेल्या, काही फुटल्याही. त्या बिअरला चव बेताचीच होती. घरची बिअर म्हणजे ढगाळ, आंबूस आणि धोकादायक, हे मत त्या काळात रुजले आणि पुढे पन्नास वर्षे टिकले.

डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली. घरगुती वाइनला रीतसर मान्यता मिळाली. घरगुती बिअर पुन्हा राहूनच गेली. परिणाम असा, की घरी बिअर करणारा माणूस पुढची पंचेचाळीस वर्षे केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार राहिला. पोलीस क्वचितच दारात येत, हे खरे. पण जे उघडपणे करता येत नाही ते उघडपणे शिकवताही येत नाही आणि सुधारतही नाही.

इकडे कारखान्यांचे काय झाले? दारूबंदीत बहुतेक बुडाले होते. उरलेल्यांना मोठ्यांनी गिळले. दूरचित्रवाणीच्या जाहिराती आणि देशभर धावणारे ट्रक यांच्यापुढे गावचा छोटा कारखाना टिकणार कसा? १९७० च्या दशकाच्या अखेरीस अख्ख्या देशात शंभराहूनही कमी ब्रुअऱ्या उरल्या. त्या जवळजवळ एकाच चवीची बिअर करीत: फिकट, सौम्य, थंडगार लागर. ती वाईट नव्हती, पण दुसरे काही मिळतच नव्हते.

ही लागर घरी करणे मात्र कठीण. हे कळण्यासाठी बिअर कशी होते ते थोडे पाहू. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात, तसेच जवाला मोड आणून ते वाळवतात. हेच माल्ट. ते भरडून साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की पिष्टाची साखर होते आणि गोड काढा मिळतो. तो गाळून तासभर उकळायचा. उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची सुकवलेली फुले घालायची. ही वेल भांगेच्या कुळातली. सुरुवातीला घातलेली फुले कडूपणा देतात, शेवटी घातलेली वास देतात. मग काढा झटपट थंड करून त्यात यीस्ट घालायचे, जसे दुधाला विरजण लावतो तसे.

खरा फरक या यीस्टमध्ये आहे. लागरचे यीस्ट दहा अंशांच्या आसपास काम करते, आणि नंतर ती बिअर शून्याजवळच्या थंडीत कित्येक आठवडे ठेवावी लागते. एलचे यीस्ट अठरा-वीस अंशांवर, म्हणजे थंड हवेच्या घरातल्या एखाद्या खोलीतही सुखाने आंबवते. आठ-पंधरा दिवसांत त्याचे काम आटोपते. मग बाटलीत चिमूटभर साखर घालून बूच लावले, की आणखी दोन आठवड्यांत फेस तयार. शीतगृह नको, यंत्रे नकोत. म्हणून ज्यांच्याजवळ पातेले, बरणी आणि चिकाटी एवढेच होते, ते एलकडे वळले. नमुना होता इंग्लंडच्या पेल एलचा. हीच बिअर एकोणिसाव्या शतकात जहाजांतून मुंबई-कोलकात्याच्या गोऱ्या साहेबांसाठीही येत असे.

पण अमेरिकन पेल एल ही इंग्रजी बिअरची नक्कल राहिली नाही, याला कारण एक वेल. ऑरेगॉन राज्यात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी इंग्रजी आणि रशियन हॉप्सच्या संकरातून एक नवी जात तयार केली. १९५६ पासून चाललेले हे काम १९७२ मध्ये पुरे झाले आणि जवळच्या पर्वतरांगेवरून जातीला ‘कॅस्केड’ नाव मिळाले. तोवर सुवासिक हॉप्स मुख्यतः युरोपातून येत. जर्मनीतल्या वेलींवर मर रोग पडला, भाव चढले, तेव्हा मोठ्या कारखान्यांनी कॅस्केड घेऊन पाहिले. पण तिचा वास जर्मन हॉप्ससारखा नव्हता. पपनसाची साल नखाने सोलावी तसा तो होता, थोडा फुलांसारखा, थोडा तिखट. सौम्य लागरमध्ये तो खटकत होता. मोठ्यांना जो दोष वाटला, तोच छोट्यांनी गुण म्हणून उचलला.

सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ही जुनी, बुडीत निघालेली ब्रुअरी १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी घेतली होती. त्यांनी १९७५ मध्ये कॅस्केड वापरून ‘लिबर्टी एल’ केली. स्कॉटलंडमध्ये नौदलात असताना तिथल्या एलची गोडी लागलेले जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ मध्ये सोनोमा इथे ‘न्यू अल्बियन’ ही ब्रुअरी अक्षरशः जुन्या पिंपांतून उभी केली. १९८२ मध्ये ती बंद पडली, पण एकटादुकटा माणूस ब्रुअरी काढू शकतो हे तिने दाखवून दिले. त्याच १९७६ मध्ये चिको या गावात केन ग्रॉसमन यांनी घरी बिअर करणाऱ्यांसाठी साहित्याचे दुकान काढले. म्हणजे कायदा बदलायच्या आधीच! पुढे दूधधंद्यातली जुनी भांडी मिळवून त्यांनी आणि पॉल कामुसी यांनी ‘सिएरा नेवाडा’ ब्रुअरी उभारली. १९८० च्या नोव्हेंबरात पहिली बिअर शिजली. पेल एल मनासारखी जमेपर्यंत कितीतरी पिंपे त्यांनी ओतून दिली. आजही अमेरिकन पेल एल म्हटले की जाणकार याच बिअरचे नाव घेतात.

आता १९७८ च्या त्या सहीचे महत्त्व लक्षात येईल. लॉस एंजेलिसमध्ये १९७४ पासून ‘माल्टोज फाल्कन्स’ नावाचे मंडळ होते, पण अशा मंडळांचे काम कायद्याच्या सावलीत चाले. सही झाली आणि दोनच महिन्यांत, डिसेंबर १९७८ मध्ये, कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पपाझियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती बिअर करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पपाझियन शिकलेले अणू अभियांत्रिकी, नोकरी शाळामास्तराची, आणि संध्याकाळी लोकांना बिअर करायला शिकवायचे. त्यांचे १९८४ चे पुस्तक हजारो घरांत पोचले. मासिके निघाली, स्पर्धा सुरू झाल्या, चुका उघडपणे सांगता येऊ लागल्या. भांडी किती स्वच्छ हवीत, यीस्ट कोणते, आंबवताना उष्णता किती, हे ज्ञान कुजबुजीतून बाहेर आले. घरची बिअर आंबूसच असायची, हा समज त्यानंतर मागे पडला.

या शिकाऊ मंडळींना पेल एलच का हाती धरावीशी वाटली? ती सोपी, पण फसवी नाही. एकोणीस लिटरसाठी सुमारे साडेचार किलो माल्ट, मूठ-दोन मूठ हॉप्स आणि एक पुडी यीस्ट. मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास. कडूपणा जाणवतो, पण माल्टचा गोडवा त्याला सांभाळून घेतो. पहिला घोट आवडावा आणि शेवटचाही जड होऊ नये, हे तिचे ब्रीद. शिवाय तिच्यात लपवायला जागा नाही. भांडे अस्वच्छ राहिले, खोली फार तापली, की चव लगेच चुगली करते. म्हणून ती शिकणाऱ्याची पाटीही होती आणि परीक्षाही.

पुढच्या चाळीस वर्षांत ब्रुअऱ्यांची संख्या शंभराच्या आतून नऊ हजारांच्या वर गेली. त्यांतल्या अनेकांचे मालक घरच्या पातेल्यापासूनच सुरू झाले होते. सगळे गोडच आहे असे नाही. २०२३ मध्ये अँकरने आपले दार लावले, २०२४ मध्ये नव्या उघडणाऱ्यांपेक्षा बंद पडणाऱ्या ब्रुअऱ्या जास्त होत्या. राज्यांचे कायदे तर वेगळेच. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत घरच्या बिअरला मान्यता मिळायला २०१३ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे दारूबंदी कायदा १९४९ चा. परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करणे त्याखाली गुन्हा आहे. २००९ मध्ये पुण्यात पहिली छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि तिथल्या तिथे केलेली ताजी बिअर लोकांनी प्रथमच चाखली. घरच्या पातेल्याला मात्र इथे मुभा नाही. ती असावी की नसावी, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांचे म्हणणे हलके मानता येत नाही.

पण अमेरिकेची ही कथा एक वेगळी गोष्ट सांगते. क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीने दारू स्वस्त केली नाही, दुकाने वाढवली नाहीत, विकण्याची मुभाही दिली नाही. तिने फक्त विकणारा आणि स्वतःसाठी करणारा यांत फरक केला. विकणाऱ्याला खप वाढवायचा असतो, करणाऱ्याला हातातले काम नीट जमवायचे असते. हा फरक कायद्याच्या पुस्तकात उतरायला पंचेचाळीस वर्षे लागली, आणि उतरला तोही ट्रक-ट्रॅक्टरच्या करांच्या पाठीवर बसून.