पाळीव पक्षी : घरातील धोके व सुरक्षित साहित्य

वाळूज औद्योगिक वसाहतीलगत बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी या भागांत अनेक कामगार कुटुंबे एक-दोन खोल्यांत राहतात. तिथे ओटा आणि पिंजरा एकाच हवेत असतात. ही नोंद बजरीगर (बाजारात सरसकट ‘लव्हबर्ड’), कॉकाटील, फिंच या परदेशी जातींपुरती आहे. भारतीय पोपट पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार मनाई आहे. मांजराच्या भीतीने पिंजरा घरात येतो, परंतु घरातले धोके हवेत आणि खुद्द पिंजऱ्याच्या तारेत असतात. तारेकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. तारांच्या जोडांवर जस्ताचे गोठलेले थेंब आणि पांढरी भुकटी दिसते. बजरीगर चोचीने जाळी धरून चढतो, जोड कुरतडतो. गिळलेला कण पेषणीत अडकतो आणि जठररसातील आम्लामुळे विरघळत राहतो. मग सुस्ती, वांती, पातळ हिरवट विष्ठा. याच जाळीत पक्षी वर्षानुवर्षे जगतात, असा आक्षेप घेतला जातो. फिंचच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, कारण फिंच तार कुरतडत नाही. बजरीगर, कॉकाटील या पोपटवर्गीय पक्ष्यांना तो लावता येत नाही. व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने जाळी घासल्यास सुटे जस्त कमी होते, संपत नाही. वाळूजला पावडर कोटिंग परिचयाचे आहे, मात्र चोचीने थर उडाल्यावर खालचा धातू उघडा पडतो. म्हणून कोटिंगखाली जीआय आहे की साधे लोखंड, हे आधी विचारावे. 304 प्रतीचे स्टेनलेस स्टील निर्धोक. जस्ताप्रमाणेच रंगातले शिसेही घातक; घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या दारा-खिडक्यांचे पोपडे पक्ष्यापासून दूर हवेत.

वायुकोशांमुळे पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते. प्राणवायू जसा भरपूर शोषला जातो, तसाच विषारी वायूही. नॉनस्टिक तव्यावर रोज पोळ्या होऊनही पक्षी धडधाकट असतो, हे खरे. पण रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला आणि तापमान 260 अंश सेल्सिअसपलीकडे गेले की लेपातून निघणारा वायू काही मिनिटांत पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. डासांची कॉइल, अगरबत्ती, फवारेही त्या खोलीत नकोत.

बसण्यासाठी पेरू किंवा कडुलिंबाची, औषध न फवारलेली फांदी वापरावी; कण्हेर विषारी.

खाद्य : ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी वर्ज्य.

खर्च बेताचा असेल तर झोके-खेळणी मागे ठेवावीत; आधी जाळी बदलावी.