वैद्यकीय संघटना आणि हितसंबंधांचा संघर्ष

रुग्णहिताचे कर्तव्य आणि औषध वा अन्नपदार्थ कंपन्यांकडून मिळणारा पैसा यांत विरोध उद्भवला, म्हणजे त्यास हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. डॉक्टरांच्या संघटनांची अधिवेशने, स्मरणिका आणि प्रदर्शन-दालने पुष्कळदा अशाच पैशावर उभी राहतात. या उपकाराची फेड औषधाच्या चिठ्ठीतून होण्याचा धोका असतो.

१९२८ साली स्थापन झालेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनने २००८ मध्ये पेप्सिको कंपनीच्या ट्रॉपिकाना रसास व क्वेकर ओट्सला मोबदला घेऊन आपली मान्यता दिली आणि मोठा वाद उठला. डिसेंबर २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या २००२ च्या आचारसंहितेत कलम ६.८ घातले. डॉक्टर व त्यांच्या संघटना या दोहोंना त्यान्वये कंपन्यांच्या भेटवस्तू, प्रवासखर्च आणि रोख रक्कम स्वीकारण्यास मनाई झाली. मात्र फेब्रुवारी २०१६ मध्ये या कलमातून संघटनांचा उल्लेख वगळण्यात आला.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेली नवी नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली व जुनी संहिता पुन्हा लागू झाली. परिणामी, जी रक्कम घेतल्यास एकटा डॉक्टर दोषी ठरतो, तीच संघटनेच्या खात्यात जमा झाली तर हे कलम आड येत नाही.