कोरोना लसीकरण: ढाणकीसारख्या गावांत लस दारापर्यंत का न्यावी लागली?

सरकारी केंद्रावर कोरोनाची लस मोफत होती. तरीही २०२१ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लस आलीय, नर्स बसल्यात, पण माणसंच येत नाहीत असं चित्र दिसलं. सोशल मीडियावर याचं एका ओळीत उत्तर दिलं गेलं: 'गावातले लोक अडाणी आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात.'

हे उत्तर अर्धवट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीसारख्या भागाकडे पाहिलं की ते का अर्धवट आहे, हे लक्षात येतं.

ढाणकी कुठे आहे?

ढाणकी हे उमरखेड तालुक्यातलं बाजाराचं गाव. यवतमाळ शहर इथून शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहे. पैनगंगेच्या पलीकडे नांदेड जिल्हा सुरू होतो. आसपास कापूस-सोयाबीनची शेती, जंगलपट्टा, बंजारा तांडे आणि आदिवासी वस्त्या आहेत.

अशा भागात सरकारी आरोग्यसेवेची साखळी ठरलेली असते. साधारण ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी भागात २० हजारांमागे एक. त्याखाली उपकेंद्रं आणि सगळ्यात शेवटी गावातल्या आशाताई. कोरोनाची लस याच वाटेने गावात पोहोचली.

लोकांना भीती कशाची होती?

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून ६० वर्षांवरचे आणि आजार असलेले ४५ वर्षांवरचे, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरचे सगळे आणि १ मेपासून १८ वर्षांवरचे, असे टप्पे होते.

नेमकी याच काळात दुसरी लाट आली. रोज मृत्यूच्या बातम्या येत होत्या. लस घेतल्यानंतर कुणी आजारी पडलं, की 'लसीमुळेच झालं' असं बोललं जायचं. त्यात व्हॉट्सॲपवरचे मेसेज. लसीमुळे मूल होत नाही, पाळीच्या दिवसांत लस घेऊ नये, लस घेणारे दोन वर्षांत मरतील. हे तिन्ही दावे खोटे होते. नाशिकमध्ये लसीनंतर अंगाला चमचे-नाणी चिकटतात, असा दावा जून २०२१ मध्ये झाला. तोही सरकारी फॅक्ट चेकमध्ये आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी खोडून काढला.

पण यवतमाळमध्ये अविश्वासाला एक खरं कारणही मिळालं होतं. ३१ जानेवारी २०२१ ला पल्स पोलिओ मोहिमेत घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ बालकांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं बचावली. संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. मात्र अशी बातमी ऐकलेल्या आईबापांनी पुढच्या लसीबद्दल चार प्रश्न विचारले, तर त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही.

मग अडचण फक्त भीतीची होती का?

नाही. व्यवस्थेच्याही अडचणी होत्या.

- मोबाइल: १८ ते ४४ वयोगटासाठी सुरुवातीला कोविन पोर्टलवर नोंदणी सक्तीची होती. पोर्टल मराठीत आलं ते जून २०२१ मध्ये. तोपर्यंत शहरातले तरुण ऑनलाइन स्लॉट पकडून गाडीने ग्रामीण केंद्रांवर यायचे आणि गावातले लोक बघत राहायचे, असं राज्यात अनेक ठिकाणी घडलं. सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा २४ मेपासून मिळाली.

- टंचाई: लसच कमी असल्याने महाराष्ट्राला मे महिन्यात १८ ते ४४ गटाचं लसीकरण काही काळ थांबवावं लागलं. रिकाम्या हाताने परतलेला माणूस दुसऱ्यांदा यायला का-कू करतो.

- कुपी: कोव्हिशील्डच्या एका कुपीत १० डोस असायचे. कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागायची, नाहीतर उरलेले डोस वाया. म्हणून तीन-चार जण आले, तर 'अजून माणसं येऊ द्या' म्हणून त्यांना थांबवलं जायचं.

- मजुरी: लसीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. पगारी नोकरदाराला त्यासाठी सुट्टी मिळते. निंदणीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बाईची मात्र तेवढी मजुरी बुडते.

- दोन डोसमधलं अंतर: कोव्हिशील्डसाठी ते आधी ४ ते ६ आठवडे होतं, मग ६ ते ८ आणि मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे झालं. तोवर कामासाठी बाहेरगावी गेलेल्यांचा दुसरा डोस राहून जायचा.

प्रशासनाने काय केलं?

ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने 'मिशन कवच कुंडल' राबवलं. ८ ते १४ ऑक्टोबर या काळात रोज १५ लाख डोस देण्याचं लक्ष्य होतं. नोव्हेंबरमध्ये देशभर 'हर घर दस्तक' मोहीम सुरू झाली. पहिल्या डोसमध्ये मागे पडलेल्या जिल्ह्यांची पंतप्रधानांनी ३ नोव्हेंबरला बैठक घेतली. त्यात ढाणकीच्या शेजारचे नांदेड आणि हिंगोली हे जिल्हेही होते.

या मोहिमेतला मुख्य बदल साधा होता. माणसाने केंद्रावर येण्याची वाट न पाहता लस घेऊन माणसाकडे जायचं. आशाताई घरोघरी फिरून कुणाचा कितवा डोस राहिलाय याची यादी करणार आणि नर्स लसीचा थंड डबा घेऊन वस्तीवर जाणार. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागत असल्याने डब्यात बर्फाचे पॅक लागतात आणि वेळेचं गणित सांभाळावं लागतं.

सक्ती की बक्षीस?

दोन्ही प्रयोग झाले. औरंगाबाद जिल्ह्यात पहिल्या डोसचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास अडकलं होतं. तिथे नोव्हेंबर २०२१ मध्ये किमान एक डोस घेतलेल्यांनाच रेशन आणि पेट्रोल, असा आदेश निघाला. यवतमाळला लागून असलेल्या चंद्रपूरच्या महापालिकेने मात्र लकी ड्रॉ काढला. त्यात फ्रिज, वॉशिंग मशीन आणि टीव्ही अशी बक्षिसं होती.

सक्तीने रांग वाढू शकते, पण ज्याला आधीच शंका आहे त्याची शंका जात नाही. शिवाय रेशन अडलं तर झळ सगळ्यात गरीब घराला बसते. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, असं स्पष्ट केलं. त्याच वेळी सरकारचं लसीकरण धोरण अवाजवी नाही, असंही म्हटलं.

आशाताई का महत्त्वाच्या ठरल्या?

कारण त्या गावातल्याच असतात. कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाला बीपीची गोळी सुरू आहे हे त्यांना माहीत असतं. अनोळखी अधिकाऱ्याने दिलेली माहिती आणि बाळंतपणात सोबत दवाखान्यात आलेल्या बाईने 'मी घेतलीय, तुम्हीही घ्या' म्हणणं, यात फरक पडतोच.

पण त्यांना नियमित पगार नसतो, मानधन आणि कामानुसार मोबदला मिळतो. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. त्यानंतर सरकारने १ हजार रुपये मानधनवाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला.

लसीचे दुष्परिणाम होते का?

होते, आणि ते सांगायलाच हवेत. ताप, अंगदुखी हे नेहमीचे. कोव्हिशील्ड प्रकारच्या लसीमुळे अगदी मोजक्या लोकांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा धोका असल्याचं २०२१ मध्येच समोर आलं होतं. तो अत्यंत दुर्मिळ आहे. लसीनंतर केंद्रावर अर्धा तास थांबवायचे, ते तातडीची ॲलर्जी आली तर लगेच उपचार करता यावेत म्हणून.

'काहीच होत नाही' असं सांगितलं आणि रात्री ताप आला, तर अख्ख्या वस्तीचा विश्वास जातो. 'ताप येईल, ही गोळी घ्या, दोन दिवसांत बरं वाटेल' असं आधीच सांगितलं, तर ताप आल्यावरही माणूस घाबरत नाही.

कोरोनाची साथ ओसरली, पण पोलिओ, गोवर आणि गरोदर बायांच्या लसी त्याच आरोग्य केंद्रातून, त्याच आशाताईंच्या यादीवरून दिल्या जातात. त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या गावात लसीकरण कमी दिसलं, तर त्या गावाला नावं ठेवण्याआधी काही प्रश्न विचारायला हवेत. लस वस्तीवर गेली होती का? बुडणाऱ्या मजुरीचा विचार झाला होता का? आणि ती घ्या म्हणून सांगायला आलेला माणूस त्यांच्या ओळखीचा होता का?