ग्रंथकार आणि पृष्ठरचना : ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’च्या पहिल्या दोन आवृत्त्या

ग्रंथाचे मुखपृष्ठ, कागदाचा आकार, अक्षरजुळणी व बांधणी या गोष्टी वाङ्मयाच्या अभ्यासात सामान्यतः बाह्यांग म्हणून बाजूला ठेविल्या जातात. ग्रंथाचे बाह्यरूप बहुधा प्रकाशक ठरवितो, ग्रंथकार नव्हे, हे पाहता ही उपेक्षा काहीशी क्षम्यही ठरते. परंतु ग्रंथकार जेव्हा स्वतःच प्रकाशक होतो, तेव्हा बाह्यांग आणि अंतरंग यांमधील ही सीमारेषा कितपत टिकते? वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीने १८५५ मध्ये स्वखर्चाने काढलेली ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ची पहिली आवृत्ती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

व्हिटमनला छापखाना अपरिचित नव्हता. १८१९ मध्ये जन्मलेल्या या कवीने वयाच्या बाराव्या वर्षापासून एका वृत्तपत्राच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे शिक्षण घेतले होते. ब्रुकलिन येथील रोम बंधूंच्या लहानशा छापखान्यात हा ग्रंथ छापला गेला, आणि त्याची काही पृष्ठे कवीने स्वतःच्या हातांनी जुळविली. एकूण ७९५ प्रती निघाल्या.

ग्रंथाचे रूप त्या काळच्या काव्यसंग्रहांहून अगदी वेगळे होते. गडद हिरव्या कापडी बांधणीवर सोनेरी ठशात ग्रंथनाम उमटविलेले असून त्याच्या अक्षरांना मुळे व पालवी फुटलेली दिसते. मुखपृष्ठावर कवीचे नाव नाही, शीर्षकपृष्ठावरही नाही. शीर्षकपृष्ठासमोर मात्र त्याचे कोरीव चित्र आहे : डोक्यावर हॅट, गळ्याशी उघडा सदरा, एक हात कमरेवर व दुसरा खिशात. हे श्रमिकाचे रूप होय. प्रतिष्ठित कवीचे नव्हे. नाव वाचकाला भेटते ते स्वामित्वहक्काच्या नोंदीत आणि पुढे प्रत्यक्ष कवितेच्या ओघात. आतील १२ कवितांपैकी एकीलाही स्वतंत्र शीर्षक नाही. प्रस्तावना वृत्तपत्राप्रमाणे दोन स्तंभांत छापली आहे, तर कवितेची दीर्घ, मुक्त ओळ रुंद पृष्ठावर आडवी पसरते. पृष्ठाच्या रुंदीमुळे पुष्कळ ओळी न मोडता राहिल्या. छंदाचा श्वास डोळ्यांना दिसू लागला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ही रुंदी कवीने योजिली, की छापखान्याने त्याला दिली? रोम बंधूंचा मुख्य व्यवसाय कायदेविषयक नमुने छापण्याचा होता. त्या कामासाठी हाताशी असलेल्या मोठ्या कागदामुळेच ग्रंथास हा आकार लाभला असावा, असे व्हिटमनचे अभ्यासक एड फॉल्सम यांनी सुचविले आहे. हे अनुमान स्वीकारले तरी कवीचे कर्तृत्व उणावत नाही. उपलब्ध साधनांत आपल्या ओळीला अनुकूल असे काय आहे, हे ओळखणे हेच मुद्रणकलेतील कसब होय. साधनांच्या मर्यादा बांधणीतही दिसतात : पहिल्या प्रतींवर सोनेरी काम विपुल आहे, नंतरच्या प्रतींवर ते आटलेले आहे, आणि काही प्रती तर कागदी वेष्टनातच बांधल्या गेल्या. छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत गेल्याने प्रतीप्रतींमध्ये पाठभेदही आढळतात. तात्पर्य, ‘१८५५ची आवृत्ती’ ही एकजिनसी वस्तू मानता येत नाही.

१८५६ची दुसरी आवृत्ती या विवेचनाची दुसरी बाजू दाखविते. कवितांची संख्या ३२ झाली, प्रत्येकीला शीर्षक मिळाले, परंतु ग्रंथाचा आकार लहान झाला. परिणामी दीर्घ ओळी पदोपदी मोडू लागल्या. दरम्यान जुलै १८५५ मध्ये एमर्सनने कवीला खाजगी पत्र लिहून त्याचे अभिनंदन केले होते. त्या पत्रातील एक वाक्य, एमर्सनच्या नावासह, व्हिटमनने त्याची अनुमती न घेता ग्रंथाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापले. ज्या कवीने वर्षापूर्वी स्वतःचे नावही शीर्षकपृष्ठावर येऊ दिले नव्हते, त्याने आता दुसऱ्याचे नाव विक्रीसाठी बाहेर मिरविले. स्वयंप्रकाशनाचे स्वातंत्र्य हे नेहमीच कलेच्या बाजूने वापरले जाते असे नाही, हा बोध यातून घ्यावा लागतो. स्वतःच प्रकाशक झालेल्या ग्रंथकाराच्या मनात प्रकाशकाची चिंताही वस्तीला येते.

विद्यार्थी बहुधा या कविता निवडक संग्रहांतून वाचतात. तेथे शीर्षके नंतरच्या आवृत्त्यांतून येतात आणि ओळी स्तंभाच्या मापाने तुटतात. अशा पाठावरून व्हिटमनच्या मुक्त छंदाविषयी विधान करणे म्हणजे कवीच्या निर्णयाऐवजी संपादकाच्या सोयीची चिकित्सा करणे होय. ओळ कोठे संपली, ती कवीने संपविली की कागदाने, हे प्रथम ठरविले पाहिजे. त्यासाठी मूळ पृष्ठ, निदान त्याची यथामूल प्रतिकृती, समोर असणे अगत्याचे आहे.