लस घेतली, पण कागद जुळला का? परदेशी कामाला जाताना साथीच्या काळातले नियम असे समजून घ्या

रत्नागिरी : खेड, दापोली, मंडणगड, गुहागर, राजापूर या पट्ट्यात दुबई, सौदी, कुवेत, ओमानला कमवायला गेलेला माणूस गावोगाव भेटतो. कोरोनाच्या काळात ही मंडळी चांगलीच अडकली. सुट्टीवर आलेल्याला परत जाता येईना. नवीन व्हिसा हातात असलेल्याला विमान मिळेना. पुढे विमानं सुरू झाली, लसही मिळाली, तरी अडचण संपली नाही. दोन्ही डोस झालेला माणूससुद्धा लसीचं नाव, तारीख किंवा पासपोर्ट नंबर जुळला नाही म्हणून अडू शकत होता.

ते नियम आता उठले आहेत. पण साथ पुन्हा येऊ शकते, आणि काही देशांसाठी लसीची अट आजही आहे. म्हणून तेव्हा काय झालं आणि पुढे काय सांभाळायचं, याची ही माहिती.

नेमकं काय घडलं होतं?

मार्च २०२० मध्ये भारतातून होणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा थांबली. मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेतून बाहेर अडकलेले लोक परत आणले गेले. जुलै २०२० पासून काही देशांशी ‘एअर बबल’ करार झाले आणि मोजकी विमानं सुरू झाली. नेहमीची सेवा पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. म्हणजे २ वर्षं.

मधल्या काळात त्या त्या देशांनी आपापली दारं बंद केली. सौदी अरेबियाने ३ फेब्रुवारी २०२१ पासून भारतासह २० देशांतून येणाऱ्यांना मनाई केली. संयुक्त अरब अमिरातीने, म्हणजे दुबई-अबुधाबीवाल्यांनी, एप्रिल २०२१ च्या अखेरीस भारतातून येणारे प्रवासी थांबवले. नोकरी आहे, मालक बोलावतोय, पण जायला वाट नाही, अशी गत झाली.

नियम कुणाचा चालतो?

गावात नेहमी गोंधळ व्हायचा तो इथे. आपल्या सरकारने लस मंजूर केली, आपल्याच सरकारने सर्टिफिकेट दिलं, मग अडवतात कसे? तर प्रवेश द्यायचा की नाही हे पोचायच्या देशाचं सरकार ठरवतं. त्या देशाचा नियम पूर्ण होतो का, हे आधी आपल्याकडच्या विमानतळावर विमान कंपनीचा माणूस बघतो. कागद अपुरा असला तर तो बोर्डिंग पास देत नाही.

वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल, तर त्या देशाचाही नियम लागतो. आणि नियम बघायचा तो पोचण्याच्या दिवशीचा. तिकीट काढलं त्या दिवशी काय होतं, याला अर्थ नाही. साथीच्या काळात नियम एका रात्रीत बदलत होते.

लस कोणती आणि कुठे घेतली?

कोविशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता १५ फेब्रुवारी २०२१ ला मिळाली. कोव्हॅक्सिनला ती मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ ला. या मधल्या साडेआठ महिन्यांत ज्यांनी केंद्रावर जी लस होती ती घेतली, त्यातल्या कोव्हॅक्सिनवाल्यांची मोठी पंचाईत झाली. सौदीच्या यादीत तेव्हा फायझर, ॲस्ट्राझेनेका, मॉडर्ना आणि जॉन्सन अँड जॉन्सन होत्या. कोविशील्ड ही ॲस्ट्राझेनेकाचीच लस म्हणून चालायची, कोव्हॅक्सिन चालत नव्हती. सौदीत काम करणाऱ्या केरळच्या एका कामगाराने तर कोविशील्डचा डोस मिळावा म्हणून केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्याचे कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस झाले होते.

लस कुठे घेतली, हेही विचारलं जायचं. अमिरातीने ५ ऑगस्ट २०२१ पासून भारतातून परतायला मुभा दिली, ती सुरुवातीला मुख्यतः तिथेच लस घेतलेल्या व्हिसाधारकांना. भारतात घेतलेली कोविशील्ड असणाऱ्यांना १२ सप्टेंबर २०२१ पर्यंत थांबावं लागलं. सौदीनेही आधी आपल्याकडे दोन्ही डोस घेऊन सुट्टीवर गेलेल्यांना वाट दिली. बाकीच्यांना भारतातून थेट प्रवेश मिळाला तो १ डिसेंबर २०२१ पासून.

ब्रिटनचा किस्सा तर वेगळाच. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी कोविशील्ड मान्य केली, पण भारताचं सर्टिफिकेट मान्य केलं नाही. भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनहून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना १० दिवस क्वारंटाईन लावलं. मग ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने अट सोडली. लस मान्य असणं आणि कागद मान्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून लक्षात ठेवावं.

डोसचे दिवस कसे मोजायचे?

मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं गेलं. परदेशी जाणाऱ्यांचं यात नुकसान होऊ लागलं, म्हणून केंद्राने ७ जून २०२१ ला सूट दिली. शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेता येऊ लागला. त्यासाठी पासपोर्ट आणि नोकरीचा कागद दाखवावा लागत होता.

समजा, ४६ वर्षांच्या एका सुताराने १० मे २०२१ ला पहिला डोस घेतला. नेहमीच्या नियमाने ८४ दिवस धरले तर दुसरा डोस २ ऑगस्टला. दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस जायला हवेत, ही अट बहुतेक ठिकाणी होती. म्हणजे तो १६ ऑगस्टला प्रवासाला पात्र. सूट वापरली असती तर दुसरा डोस ७ जूनला आणि पात्र २१ जूनला. ८ आठवड्यांचा फरक पडला. व्हिसाची मुदत संपत आलेल्याला ८ आठवडे म्हणजे नोकरी राहते की जाते एवढा प्रश्न. आणि ही सूट होती हेच ज्याला कळलं नाही, त्याचे ते दिवस फुकट गेले.

नाव आणि पासपोर्ट नंबर

लसीकरण केंद्रावर बहुतेकांनी आधार कार्ड दिलं. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. कुणाच्या आधारवर वडिलांचं नाव नाही, कुणाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. गावात हे चालून जातं. विमानतळावरच्या मशीनला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात.

जून २०२१ मध्ये कोविन पोर्टलवर सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडायची सोय झाली. नाव, जन्मसाल यातली चूकही तिथेच दुरुस्त करता येत होती, पण संधी एकदाच. घाईत चुकीचं भरलं की पुन्हा खेटे. म्हणून असा फॉर्म भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवायचा आणि एकेक अक्षर बघून टाकायचं. सायबर कॅफेवाल्याने भरला तरी सबमिट करायच्या आधी स्वतः वाचायचं.

टेस्टचे तास

आरटी-पीसीआर रिपोर्ट काही देशांना ७२ तासांतला लागायचा. अमिरातीला ४८ तासांतला, क्यूआर कोडसह, आणि शिवाय विमान सुटण्याआधी काही तासांत विमानतळावर रॅपिड पीसीआर. हे तास नमुना घेतल्यापासून मोजतात. रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे.

समजा विमान शनिवारी रात्री १० ला मुंबईहून. ४८ तास मागे गेलं की गुरुवारी रात्री १०. गुरुवारी सकाळी तालुक्याला नमुना दिला असेल, तर तो रिपोर्ट बाद. आणि शुक्रवारी इथे नमुना देऊन रिपोर्टची वाट बघायची, वर ३५० किलोमीटरच्या आसपासचा घाटरस्ता, म्हणजे जिवाला घोर. अशा वेळी दोन दिवस आधी मुंबई गाठून तिथेच टेस्ट केलेली बरी. रॅपिड पीसीआर असेल तर विमानतळावर नेहमीपेक्षा कितीतरी लवकर पोचावं लागतं, हेही गाडी ठरवतानाच धरायचं.

क्वारंटाईन : दिवस, खर्च आणि पगार

सौदीने १ डिसेंबर २०२१ पासून थेट प्रवेश दिला तो ५ दिवसांच्या सक्तीच्या क्वारंटाईनसह. हॉटेलचं पॅकेज आधीच बुक करावं लागे. ही अट मार्च २०२२ मध्ये उठली.

इथे मालकाला ३ प्रश्न विचारायचे असतात. हॉटेलचा खर्च कोण देणार? ते दिवस पगारी की बिनपगारी? टेस्ट पॉझिटिव्ह आली तर वाढीव दिवसांचं काय? उत्तर फोनवर घेऊ नये. ऑफर लेटरमध्ये, ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावं. एजंट म्हणाला ‘सगळं कंपनी बघते’, तर ते कंपनीकडून लिहून मागावं.

तिसऱ्या देशातून वळसा

थेट वाट बंद असताना सौदीला जाणारे लोक आधी दुसऱ्या देशात १४ दिवस काढून पुढे जात होते. दुबई, नेपाळ, मालदीव असे मार्ग होते. एजंटांनी पॅकेजं विकली. पण ३ फेब्रुवारी २०२१ च्या सौदीच्या यादीत अमिरातही आली आणि दुबईत थांबलेले कामगार तिथेच अडकले. त्यानंतर एप्रिल २०२१ च्या शेवटी नेपाळनेही परदेशी लोकांना पुढच्या प्रवासासाठी नेपाळ वापरायला बंदी केली. काठमांडूत पैसे भरून बसलेल्यांचे हाल झाले.

धडा साधा आहे. वळशाच्या मार्गात दोन देशांचे नियम एकदम सांभाळावे लागतात आणि कुठलाही एक बदलला तरी पैसे जातात. असं पॅकेज घ्यायचंच असेल तर मार्ग बंद झाल्यास किती रक्कम परत मिळेल ते पावतीवर लिहून घ्यावं, आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे वेगळे ठेवावेत. दागिने गहाण ठेवून असा प्रवास करू नये.

गावी परत येताना

मे २०२० च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे बाहेरून येणाऱ्याला ७ दिवस स्वखर्चाने संस्थात्मक आणि ७ दिवस घरी क्वारंटाईन होतं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने युरोप आणि आखातातून येणाऱ्यांना संस्थात्मक क्वारंटाईन लावलं. गावात पोचल्यावर ग्राम कृती दलाचं लक्ष असायचं. ज्याला महिनाभराचीच सुट्टी, त्याची अर्धी सुट्टी अशी जायची. म्हणून साथ चालू असताना सुट्टी टाकण्याआधी जाण्याचे आणि परतण्याचे, दोन्हीकडचे दिवस मोजावेत. परतीची वाट बंद झाली तर व्हिसाची मुदत कोण वाढवणार, हेही कंपनीला आधी विचारावं. अमिरातीत साधारणपणे ६ महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिलं तर रहिवासी व्हिसा धोक्यात येतो.

आज काय लागू आहे?

पिवळा ताप (यलो फीवर) : नायजेरिया, घाना, अंगोला, काँगो, केनिया, युगांडा अशा देशांत कामाला किंवा बोटीवर जाणाऱ्यांना ही लस महत्त्वाची. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रावरच ती घ्यावी लागते. मुंबईत अशी केंद्रं आहेत. सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. ते नसताना अशा देशातून भारतात परत आलात तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं.

मेंदूज्वर (मेनिंजायटिस) : हजच्या हंगामात हज परिसरात कामाला जाणाऱ्यांकडे सौदी ही लस मागते. पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी.

मेडिकल : आखाती देशांच्या कामाच्या व्हिसासाठी ठरवून दिलेल्या केंद्रावरच तपासणी होते. छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या असतात. रिपोर्टला मुदत असते, त्यामुळे व्हिसाची तारीख बघून तपासणी करावी.

निघण्याआधी हे तपासा

१. त्या देशाच्या दूतावासाची आणि विमान कंपनीची वेबसाइट, निघण्याच्या आठवड्यात एकदा आणि आदल्या दिवशी पुन्हा.
२. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, लसीचं सर्टिफिकेट, टेस्ट रिपोर्ट : पाचही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच आहे का.
३. शेवटच्या डोसनंतरचे दिवस आणि टेस्टचे तास, बोटावर न मोजता कागदावर मांडून.
४. सगळ्याची रंगीत प्रिंट. मोबाईलची बॅटरी संपली तर कागदच कामाला येतो. एक संच घरी ठेवावा.
५. क्वारंटाईन, पगार आणि परतीचं तिकीट याबद्दल कंपनीचं लेखी उत्तर.
६. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर. तिथे अडकलात तर तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे.

हे सगळं करायला एक संध्याकाळ जाते. विमानतळावरून माघारी यावं लागलं तर तिकिटाचे पैसे जातात, आणि कधी कधी नोकरीही.